पुराची वर्दी

श्रोतेहो, ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषीपुरती ती खरी असेल. पण नदीकांठीं राहणाऱ्या माणसास ती पाळून चालत नाहीं. ज्या नदीचें पाणी आपण पितों तिचा उगम कोठें आहे, तेथें काल रात्रीं पाऊस किती पडला, आणि तें पाणी आपल्या घाटाला केव्हां लागेल, हे प्रश्न त्याला विचारावेच लागतात. माणसानें हे प्रश्न आजवर कसकसे विचारले आणि त्यांचीं उत्तरें कशीं मिळविलीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. अलीकडे या कामीं कृत्रिम बुद्धिमत्ता दाखल झाली आहे आणि तिचा गवगवा आपण रोज ऐकतों. परंतु ती एकाएकीं आकाशांतून पडलेली नाहीं. तिच्यामागें शेंसव्वाशें वर्षांचा इतिहास उभा आहे. आणि तो नीट ध्यानीं घेतला म्हणजे या नव्या यंत्राकडून काय मागावें व काय मागूं नये, हेंही कळून येतें.

पुराची वर्दी देणें हें काम तीन कड्यांच्या सांखळीसारखें आहे. पहिली कडी नोंदीची. पाऊस किती पडला, नदी किती चढली, हें कोणीतरी मोजून लिहून ठेवलें पाहिजे. दुसरी कडी अनुमानाची. त्या नोंदीवरून खालच्या गांवीं पाणी केव्हां व किती येईल, हें ठरविलें पाहिजे. तिसरी कडी निरोपाची. ज्याचें घर बुडणार आहे त्याच्या कानीं तें अनुमान वेळेवर गेलें पाहिजे, आणि त्याला तें पटलेंही पाहिजे. यांतील एक कडी तुटली कीं बाकीच्या दोन असून नसल्यासारख्याच.

ही सांखळी, अर्धीमुर्धी कां होईना, आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं पर्जन्य मोजण्याचें कुंड ठेवावें असें सांगितलें आहे. पावसाळ्यांत नदीकांठच्या गांवकऱ्यांनीं पुराच्या टप्प्यापासून दूर जाऊन राहावें आणि लांकडी फळ्या, वेळू व नावा जवळ बाळगाव्या, असाही उपदेश त्यांत आहे. म्हणजे मोजणें होतें आणि सावधगिरीही होती. नव्हतें तें मधलें अनुमान. कारण डोंगरांत पाऊस कोसळला ही बातमी पाण्याहून अधिक वेगानें खालीं आणणारें साधनच नव्हतें. अंधाऱ्या रात्रीं, चिखलाच्या वाटेनें घोडेस्वार कितीही दौडला तरी लोंढ्यापुढें त्याची काय मातब्बरी!

तें साधन एकोणिसाव्या शतकांत तारायंत्राच्या रूपानें आलें, आणि त्याचा एक विलक्षण प्रयोग हिमालयांत घडला. १८९३ सालच्या सप्टेंबरांत गढवालमध्यें बिरही गंगा या नदीवर प्रचंड दरड कोसळली. गोहना गांवापाशीं नदीच अडली आणि मागें मोठें सरोवर सांचूं लागलें. तो मातीदगडांचा बांध एक ना एक दिवस फुटणार आणि अलकनंदेच्या कांठचीं गांवें धुऊन जाणार, हें उघड होतें. प्रश्न एवढाच होता कीं, केव्हां? पुलफर्ड नांवाच्या इंजिनिअरानें सरोवर किती वेगानें भरत आहे याचें गणित मांडलें आणि १८९४ च्या ऑगस्टच्या मध्यास पाणी बांधावरून वाहूं लागेल, असें अनुमान केलें. गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तार टाकण्यांत आली. नदीवरचे पूल उतरवून घेतले. लोकांनीं कोठवर वर चढावें याच्या खुणा दरीच्या उतारावर उभारल्या. २५ ऑगस्टच्या रात्रीं बांध फुटला. गढवालचें श्रीनगर गांव वाहून गेलें. पण मनुष्यहानि झाली ती केवळ पांच जणांची. एक फकीर आणि त्याचें कुटुंब! त्यांना तेथून हलविलें होतें, तरी तीं माणसें परत जाऊन राहिलीं होतीं.

श्रोतेहो, ही हकीकत थोडी विस्तारानें सांगितली, कारण तींत सर्व धडे सांपडतात. गणित सुमारें दहा दिवसांनीं चुकलें, तरी वर्दी चुकली नाहीं. कारण तिन्ही कड्या शाबूत होत्या. आणि जे पांच जीव गेले ते गणित चुकल्यामुळें गेले नाहींत. निरोप पोंचला होता, पण पटला नव्हता. सव्वाशें वर्षांपूर्वीचा हा अनुभव आजच्या यंत्रयुगांतही जशाचा तसा लागू आहे.

गोहना येथें एकच सरोवर मोजावयाचें होतें. पण जिला शेंकडों ओढेनाले मिळतात, अशा नदीचें गणित कसें मांडावें? जमीन कोठें काळी, कोठें मुरमाड. कोठें जंगल, कोठें उघडा माळ. आदल्या आठवड्याच्या पावसानें माती आधींच भिजलेली कीं कोरडी. या सर्वांचा हिशेब हातानें करणें अशक्यप्राय होय. अशा अवघड जागीं शास्त्रज्ञांनीं जो मार्ग धरला त्याचा उगम आपल्याच देशाच्या हवामान खात्यांत सांपडतो. हें खातें १८७५ सालीं स्थापन झालें. १९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर नांवाचे केंब्रिजचे गणिती त्याचे प्रमुख झाले व १९२४ पर्यंत त्या जागेवर होते. मोसमी पाऊस एखाद्या वर्षीं कां दगा देतो याचें कारण त्या काळीं कोणासच उलगडत नव्हतें. तेव्हां वॉकर यांनीं कारणाचा नाद तूर्त बाजूस ठेवला आणि साहचर्याचा शोध घेतला. दूरदूरच्या देशांतील हवेचा दाब, हिमालयावरील बर्फ आणि हिंदुस्थानांतील पाऊस, यांचे वर्षानुवर्षांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून, कोणता आंकडा कोणत्या आंकड्याबरोबर चढतो वा उतरतो, हें त्यांच्या कचेरींतील हिंदी हिशेबनीसांनीं बोटें झिजवून काढलें. कारण ठाऊक नसलें तरी साहचर्य ठाऊक असेल तर अंदाज बांधतां येतो, हें त्या पद्धतीचें मर्म होय. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचें मर्मही याहून फार निराळें नाहीं. फरक इतकाच कीं, त्या हिशेबनीसांच्या जागीं आज संगणक आहेत आणि आंकडे शेंकड्यांऐवजीं कोट्यवधि आहेत. मात्र याच इतिहासाची दुसरी बाजूही विसरूं नये. वॉकर यांना सांपडलेल्या संबंधांपैकीं कांहीं पुढील काळांत सैल पडले. निसर्गानें जुना करार मोडला, तेव्हां जुन्या आंकड्यांवरचा अंदाजही फसला.

नद्यांच्या पुराचें काम आपल्या देशांत नियमितपणें सुरू झालें तें स्वातंत्र्यानंतर. १९५८ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशीं यमुनेच्या पातळीचा शास्त्रीय अंदाज देण्यास आरंभ झाला. आज केंद्रीय जल आयोग देशभर सव्वातीनशेंहून अधिक ठिकाणीं असे अंदाज देतो. पातळीचा अंदाज प्रत्यक्ष पाण्याच्या १५ सेंटिमीटर वरखालीं उतरला तरच तो बरोबर मानावयाचा, असा आयोगाचा दंडक आहे. १५ सेंटिमीटर म्हणजे पुरती वीतही नव्हे! आपल्या नागपुरांत या आयोगाचा वैनगंगा विभाग आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

या अंदाजाची जुनी रीत समजण्यास सोपी आहे. वरच्या ठाण्याशीं पाणी इतकें चढलें म्हणजे इतक्या तासांनीं खालच्या ठाण्याशीं तें इतकें चढतें, हें मागील पुरांच्या नोंदींवरून आलेख काढून ठरवावयाचें. वैनगंगा मध्यप्रदेशांत शिवनी जिल्ह्यांत उगम पावते, वळसे घेत भंडाऱ्यास येते, पुढें पवनीवरून गडचिरोली-चंद्रपूरकडे जाते. अशा लांबलचक नदीला ही रीत मानवते, कारण वरचें पाणी खालीं पोंचेपर्यंत वेळ मिळतो. पण या रीतीचा सर्व भार कोणावर असतो? नदीच्या कांठीं रंगविलेल्या मोजपट्टीवर आणि ती वाचणाऱ्या माणसावर. पुराच्या दिवसांत दर तासाला, अपरात्रींही, हातांत विजेरी घेऊन तो पाण्याशीं जातो, आंकडा वाचतो, वहींत लिहितो आणि वर कळवितो. त्याचें नांव कोणत्याही इतिहासांत येत नाहीं. आज पुष्कळ ठिकाणीं आपोआप नोंद करणारीं व उपग्रहामार्फत ती धाडणारीं उपकरणें बसलीं आहेत. तरी गेल्या पन्नाससाठ वर्षांची नदीची जी स्मृति आपल्यापाशीं आहे, ती मुख्यतः या माणसांच्या वह्यांतून आलेली आहे.

आतां आपल्या जिल्ह्यांतील सर्वांत दुःखद पुराकडे वळूं. वर्धा नदी सातपुड्यांत मुलताईच्या परिसरांत उगम पावते आणि थोडें अंतर उतरून येतांच नरखेड तालुक्यांतील मोवाड गांवाला भिडते. ३० जुलै १९९१ रोजीं या नदीला असा पूर आला कीं, मोवाडची २०४ माणसें त्यांत गेलीं. एवढ्याशा गांवांतून २०४ माणसें! या गोष्टीस तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ३० जुलै हा दिवस त्या गांवाच्या पंचांगांतून पुसला गेलेला नाहीं.

मोवाडसारख्या गांवांची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. नदी तेथें अजून बाळपणांत असते. उगम जवळ, उतार तीव्र. डोंगरांत पडलेलें पाणी कांहीं तासांतच गांवांत उतरतें. त्यामुळें वरच्या ठाण्यानें पाहावें, आलेख उघडावा आणि खालच्या गांवास निरोप धाडावा, ही मोठ्या नदीची रीत तेथें तोकडी पडते. तेथें पाणी नदींत येण्याची वाट न पाहतां, आभाळांतून पडतांना किंवा त्याहूनही आधीं, त्याचा हिशेब करावा लागतो. शिवाय अशा छोट्या प्रवाहांवर मोजणीचीं ठाणीं विरळ असतात. जगांतील बहुसंख्य नद्यांची हीच स्थिति आहे. ज्या नदीची वही कोणी लिहिलीच नाहीं, तिच्या पुराचें अनुमान कशावरून करावें? नव्या यंत्रबुद्धीचें खरें महत्त्व या एका प्रश्नापाशीं आहे.

हें यंत्र शिकतें कसें, तें थोडक्यांत सांगतों. एखादा जुना नावाडी डोंगरावरचे ढग पाहून आणि पायाखालची ओल पाहून, आज पाणी कोठवर येईल, तें सांगतो. त्यानें गणित केलेलें नसतें. त्यानें शेंकडों पावसाळे पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकलेलें आणि स्वतः अनुभवलेलें असतें. संगणकासही असेंच शिकवितात. एखाद्या खोऱ्याचा अनेक वर्षांचा रोजचा पाऊस, उष्णता, जमिनीचा उतार व मातीची जात, हें सर्व त्यापुढें ठेवावयाचें आणि नदीला किती पाणी आलें असेल तें त्याला विचारावयाचें. उत्तर चुकलें कीं खरा आंकडा दाखवून त्याच्या आंतील वजनें किंचित् बदलावयाचीं. असें लक्षावधि वेळां केलें म्हणजे त्याची चूक कमी कमी होत जाते. यासाठीं वापरतात तो संगणकी सांचा १९९७ सालीं होखराइटर व श्मिडहुबर या दोघां शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, तो मागचें कांहीं काळ लक्षांत ठेवतो आणि निरुपयोगी तें विसरतो. मातीही असेंच करते. पंधरा दिवसांपूर्वीं मुरलेलें पाणी तिच्या लक्षांत असतें. म्हणून नदीला हा सांचा चपखल बसला. २०१८ सालीं ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं पाऊस व प्रवाह यांच्या गणितासाठीं तो वापरून दाखविला.

पुढें एक आश्चर्य दिसून आलें. एकाच नदीवर शिकविलेल्या यंत्रापेक्षां अनेक नद्यांवर शिकविलेलें यंत्र अधिक चांगलें अनुमान करतें; इतकेंच नव्हे तर ज्या नदीची नोंद त्यानें कधींच पाहिली नाहीं तिच्याविषयींही तें बऱ्यापैकीं बोलूं शकतें. काळ्या मातीच्या, इतक्या उताराच्या, इतक्या पावसाच्या दहा नद्या पाहिल्या म्हणजे अकरावीचा स्वभाव ओळखतां यावा, तसाच हा प्रकार. आपल्या देशांत केंद्रीय जल आयोगानें २०१८ च्या जूनमध्यें गूगल कंपनीशीं या कामीं सहकार्याचा करार केला आणि त्याच वर्षीं पाटण्यास पहिला प्रयोग झाला. २०२४ च्या मार्चमध्यें त्या कंपनीच्या ग्रे निअरिंग आदि संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत आपला निबंध प्रसिद्ध केला. जगांतील ५,६८० ठाण्यांच्या नोंदींवर ताडून पाहतां, नोंद नसलेल्या नद्यांच्या मोठ्या पुरांविषयीं त्यांचें यंत्र पांच दिवस आधीं जें सांगतें, तें पूर्वीची प्रचलित जागतिक पद्धति त्याच दिवशीं जें सांगत असे त्याच्या तोडीचें आहे, असें त्यांनीं दाखविलें. पांच दिवस! गुरेंढोरें, धान्य, म्हातारींकोतारीं माणसें, सर्वांस उंचावर नेण्यास एवढा अवधि पुरून उरेल.

श्रोतेहो, येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या नदीची वही नाहीं तिचें भविष्य यंत्र सांगतें खरें, पण तें दुसऱ्या नद्यांच्या वह्या वाचून. या हजारों ठाण्यांमागें हजारों मोजणीदारांची चाकरी आहे. त्यांनीं थंडीपावसांत आंकडे टिपले नसते तर आजच्या यंत्राला शिकावयास धडाच मिळाला नसता. यंत्र आलें म्हणून मोजणी थांबविणें म्हणजे पीक आलें म्हणून बियाणें जाळण्यासारखें होईल.

आतां यंत्राच्या मर्यादा. वॉकर यांच्या अनुभवाची आठवण येथें पुन्हां होते. यंत्र शिकतें तें गतकाळावरून. हवामान बदलूं लागलें तर पूर्वीं कधीं न पडलेला पाऊस त्याच्या अनुभवाबाहेरचा ठरूं शकतो. दुसरी मर्यादा मनुष्याच्या हातची आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवर या धरणांतून पाणी सोडावें लागलें, वैनगंगेच्या पुरानें भंडारा शहराचा मोठा भाग वेढला आणि गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडल्यावर खालीं ब्रह्मपुरी व गडचिरोलीकडील गांवें पाण्याखालीं गेलीं. ढगाचा अंदाज यंत्र करील. पण दरवाजा केव्हां व किती उघडणार हें तो उघडणाऱ्याच्या मनांत असतें. वरच्या राज्यानें खालच्या राज्यास आणि वरच्या धरणानें खालच्या धरणास तें वेळींच सांगितलें नाहीं तर जगांतील कोणतीही बुद्धिमत्ता तें ओळखूं शकणार नाहीं.

तिसरी मर्यादा नागपूरकरांनीं स्वतःच भोगलेली आहे. २०२३ सालच्या सप्टेंबरच्या २२ तारखेची रात्र व २३ ची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. भोसल्यांच्या काळचा अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहूं लागला आणि जिच्यावरून या शहराला नांव मिळालें ती नाग नदी, जिला आपण एरवीं नाला म्हणून नाक मुरडतों, ती अंबाझरीच्या वस्तींतून सीताबर्डीपर्यंत घरांत शिरली. मोरभवनच्या स्थानकांतील बसगाड्या पाण्यांत उभ्या राहिल्या. हजारों घरांत चिखल भरला आणि कांहीं माणसें प्राणास मुकलीं. पांच दिवसांचें नदीचें भविष्य अशा वेळीं फारसें कामास येत नाहीं. तेथें रडारनें ढग पाहून, तलावाची पातळी क्षणोक्षणीं मोजून, एकदोन तास आधीं हांक मारावी लागते. आणि पात्रावर बांधकामें करून नदीचा गळा आवळलेला असेल, तर ती हांक कितीही अचूक असली तरी पाणी आपली वाट सोडीत नाहीं.

उरली तिसरी कडी, निरोपाची. येथेंही साधनें कमी नाहींत. जल आयोगानें २०२३ च्या ऑगस्टमध्यें 'फ्लडवॉच' नांवाची मोबाइलवरील सोय काढली. 'सचेत' या योजनेंतून संकटाचे इशारे थेट लोकांच्या मोबाइलवर येतात. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वीं यंत्रबुद्धीनें काढलेला मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज सरकारनें सुमारें ३ कोटि ८० लाख शेतकऱ्यांस संदेशानें कळविला. निरोप धाडणें आज इतकें सोपें झालें आहे. पण धाडलेला निरोप आणि पटलेला निरोप यांत अंतर आहे. लांडगा आला रे आला, ही गोष्ट शाळेंतील प्रत्येक मूल जाणतें. चारदां फुकट ओरड झाली कीं पांचव्यांदां कोणी उठत नाहीं. म्हणून इशाऱ्यांत नुसता 'अतिदक्षता' असा शब्द असूं नये. पाणी कोणत्या देवळाच्या पायरीपर्यंत येईल, कोणती वाट बंद होईल, कोणत्या शाळेंत जाऊन राहावयाचें, हें मराठींत, गांवच्या खुणांनीं सांगितलें पाहिजे. आणि तें सांगणारा माणूस गांवाच्या ओळखीचा पाहिजे. मागील पुराची रेघ ज्या भिंतीवर उमटली असेल ती चुन्यानें पुसून टाकूं नये. तिच्यावर वर्ष घालून ठेवावें. ग्रामपंचायतीनें पावसाळ्यापूर्वीं एकदां, दिवसाढवळ्या, सर्वांस उंच जागेपर्यंत चालवून पाहावें. यास कोणतें यंत्र लागत नाहीं, कीं फारसा खर्चही लागत नाहीं.

इतिहासाचा निष्कर्ष इतकाच. शेंसव्वाशें वर्षांत मधली कडी, अनुमानाची, अपूर्व बळकट झाली आहे, आणि त्याचें श्रेय गणित्यांना व यंत्राला अवश्य द्यावें. पण तिच्या एका बाजूस मोजणीदाराची वही आहे आणि दुसऱ्या बाजूस गांवकऱ्याचा विश्वास आहे. त्या दोन्ही कड्या माणसांच्याच हातीं आहेत व पुढेंही राहतील. मोवाडच्या त्या २०४ जणांना आतां कोणतीही वर्दी उपयोगाची नाहीं. वर्धेच्या, वैनगंगेच्या, कन्हानच्या कांठीं आज जीं गांवें नांदत आहेत, त्यांच्यासाठीं मात्र अजून वेळ आहे. नदीचें मूळ त्यांनीं खुशाल शोधावें, तिच्या पाण्याची नोंद ठेवावी, आणि इशारा आला तर तो खरा मानून एक रात्र उंचावर काढावी. इशारा खोटा ठरला तर एका रात्रीची झोंप जाईल, एवढेंच.